होंडा सिटी व्हीटेकला टर्बो: फिटिंग झटपट, टायमिंग सावकाश

टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) किटचा विषय निघाला की टर्बो कुठला, बूस्ट (त्याने वाढवलेला हवेचा दाब) किती आणि बीएचपी किती, एवढ्यावरच चर्चा संपते. इंजिनं मात्र फुटतात ती इग्निशन टायमिंगमुळे, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते त्यामुळे. उघडायला आलेल्या टर्बो इंजिनांपैकी बहुतेकांचं फिटिंग चांगलं असतं. पाइप नीट, वेल्डिंग नीट, आणि आत पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड तुटलेली. म्हणून इथे फिटिंग थोडक्यात उरकतो आणि टायमिंगला हवा तेवढा वेळ देतो.

उदाहरणाला घेतली आहे २००० ते २००३ च्या काळातली होंडा सिटी १.५ व्हीटेक. १४९३ सीसी, एकच कॅम, ७५ मिमी बोअर, मूळची ताकद १०६ बीएचपी. कम्प्रेशन टेस्टमध्ये चारही सिलिंडर सारखे आले आहेत, टायमिंग बेल्ट नवा आहे आणि कूलिंग धड आहे, असं धरून चालतो. यातलं एकही नसेल तर टर्बोचा विचार सोडा, आधी इंजिन करून घ्या. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड मूळचेच ठेवणार असाल तर बूस्ट ०.५ बारवर, म्हणजे साधारण ७ पीएसआयवर थांबवा.

ही गाडी रस्त्यासाठी नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमावर बोट ठेवलं. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. कोइम्बतूरचा कारी ट्रॅक असो, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक असो, की ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरची ड्रॅग असो, गाडी ट्रेलरवर न्या.

फिटिंग

टीडी०४ किंवा टी२५ आकाराचा टर्बो पुरे. मोठा घेतलात तर वरच्या आरपीएमपर्यंत वाट बघत बसाल. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड कास्ट आयर्नचा घ्या, स्वस्त पातळ पाइपांचा तडकतो. ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी लावून टर्बोला ऑइल द्या. परतीची नळी आतून किमान १३ मिमी हवी, तिला कुठेही वळसा किंवा खोलगट झोळ नको, आणि ती इंजिनखालच्या ऑइल चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. टर्बो धूर सोडतो तेव्हा लोक सील खराब म्हणून टर्बो बदलतात. दोष बहुतेक वेळा या नळीचा असतो.

इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) लावाच. ३५ अंशांची हवा ०.५ बारला दाबली की ती ९० अंशांच्या आसपास जाते, आणि तीच हवा सिलिंडरमध्ये शिरणार आहे. स्पार्क प्लग एक पायरी थंड घ्या आणि गॅप ०.७ मिमी ठेवा. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉशमध्ये नेमकं उलटं, त्यामुळे दुकानदाराच्या भरवशावर राहू नका.

इंधन आणि ईसीयू

मूळ इंजेक्टर पुरत नाहीत, ४४० सीसीचे बसवा. पंपही मोठा हवा. ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) संपूर्ण स्वतंत्र घ्या: लिंक, हॉलटेक, ईसीयू मास्टर, ज्याचं काम तुमच्या ट्यूनरला येतं तो. इंधनाचं प्रेशर वाढवणारा रेग्युलेटर लावून मूळ ईसीयूवरच भागवा, किंवा तापमानाच्या सेन्सरला रेझिस्टर लावा, असले सल्ले आजही दिले जातात. दोन्ही उपायांत टायमिंगवर तुमचा ताबा राहत नाही, म्हणून दोन्ही बाद.

मिश्रण लॅम्डामध्ये मोजा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रत्यक्ष प्रमाण भागिले त्या पेट्रोलचं रासायनिक प्रमाण; १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त. परदेशी तक्त्यातला ११.५ हा आकडा शुद्ध पेट्रोलचा आहे. शुद्ध पेट्रोलचं रासायनिक प्रमाण १४.७, तर आपल्या ई२० चं साधारण १३.५. लॅम्डा वापरलात की हा घोळच राहत नाही. पूर्ण बूस्टवर ०.७८ ते ०.८२ ठेवा. त्याहून जास्त पेट्रोल ओतलं की इंजिन सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, आणि चुकीचं टायमिंग त्याने झाकलं जात नाही.

टायमिंग

ही पायरी समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण चुकलेलं टायमिंग दिसत नाही. गाडी सुरू होते, पळते, जोरातही पळते.

ठिणगी पडल्यावर मिश्रण पेटून दाब वाढायला वेळ लागतो, म्हणून ती पिस्टन वर पोचायच्या आधी पाडावी लागते. दाबाचा कळस पिस्टन वरून परतल्यावर क्रँक १५ अंशांच्या आसपास फिरला की यावा. बूस्टमध्ये मिश्रण दाट असतं, लवकर जळतं, म्हणून ठिणगी उशिरा हवी. ती लवकर पडली तर कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं. हेच नॉकिंग, आणि रिंगांमधली कड त्यानेच तुटते.

पहिलं काम लॅपटॉपवर नाही, पुलीवर करायचं आहे. ईसीयूमध्ये टायमिंग एका आकड्यावर लॉक करा आणि टायमिंग लाइट लावून खूण बघा. पुलीवर वरच्या बिंदूची पांढरी खूण वेगळी आणि इग्निशनची लाल खूण वेगळी असते, त्यांची गल्लत करू नका. स्क्रीनवरचा आकडा आणि पुलीवरचा आकडा जुळेपर्यंत डिस्ट्रिब्युटर फिरवा. मग ३००० आरपीएमला रेस धरून पुन्हा बघा. खूण सरकली तर ट्रिगरची (ईसीयूला क्रँकची जागा सांगणाऱ्या सिग्नलची) कड उलटी निवडली आहे. ती दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण आयडलवर बरोबर आणि ६००० ला ८ डिग्री चूक अशी गाडी तुम्ही डायनोवर (ताकद मोजणाऱ्या रोलरांवर) चढवाल. हे न तपासता थेट मॅप (आरपीएम आणि बूस्टनुसार टायमिंगचा तक्ता) भरणाऱ्या ट्यूनरकडून गाडी परत आणा.

आता मॅप. बूस्ट नसलेल्या भागात मूळ गाडीसारखंच टायमिंग चालतं. बूस्टच्या ओळींमध्ये सुरुवातीला प्रत्येक पीएसआयला दीड डिग्री मागे घ्या, म्हणजे ठिणगी तेवढी उशिरा पाडा. सगळ्यात कमी टायमिंग सर्वाधिक टॉर्कच्या जागी हवं, साधारण ३५०० ते ४५०० आरपीएमला, कारण सिलिंडर तिथेच सर्वात जास्त भरतो. पुढे आरपीएमबरोबर ते थोडं थोडं वाढू द्या. सगळ्या आरपीएमला एकच आकडा भरलेला मॅप मिळाला तर तो वापरू नका.

नॉकिंग केबिनमध्ये कानाला ऐकू आलं की पाय काढा, हा सर्वात घातक सल्ला आहे. मोठ्या सायलेन्सरच्या आवाजात ते ऐकू येईपर्यंत नुकसान झालेलं असतं. तांब्याच्या नळीचं एक टोक चपटं करून ब्लॉकच्या बोल्टखाली पकडा, दुसऱ्या टोकाला रबरी होज लावून ती कानावरच्या इअर डिफेंडरमध्ये घ्या. इलेक्ट्रॉनिक सेन्सर आणि हेडफोन असतील तर ७५ मिमी बोअरसाठी फिल्टर ७.५ किलोहर्ट्झच्या आसपास ठेवा. आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा कोरडा असतो, एकदा ओळखलात की चुकत नाही.

डायनोवर फक्त वेस्टगेटच्या (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर सुरुवात करा, बूस्ट कंट्रोलर बंद. एक रन, मग लॉग (ईसीयूने नोंदवलेले आकडे) बघा. आवाज स्वच्छ असेल तर बूस्टच्या ओळींत एक डिग्री वाढवा आणि इंजिन थंड होऊ द्या. टॉर्क वाढला तर आणखी एक. वाढला नाही तर ती डिग्री परत घ्या, नॉकिंग नसलं तरीही. साध्या पेट्रोलवर बहुधा नॉकिंगच आधी येईल. ते सुरू झालं त्या आकड्यापासून ३ डिग्री मागे या आणि तिथेच थांबा. ट्यूनर शेवटच्या पाच बीएचपीसाठी आणखी दोन डिग्री देऊ करेल. ठाम नाही म्हणा.

उलटी टोकाची भूमिकाही नको. टायमिंग फारच मागे ठेवलं तर मिश्रण एक्झॉस्टमध्ये जळत राहतं, मॅनिफोल्ड लालबुंद होतं आणि टर्बो भाजून निघतो. ताकद कमी आणि मॅनिफोल्ड लाल दिसलं तर बूस्ट वाढवू नका, टायमिंग बघा.

हवेचं तापमान मॅपमध्ये घातलं नाही तर काम अर्धवट आहे. इंटरकूलरनंतरची हवा ५० अंशांच्या पुढे गेली की दर ५ अंशांना एक डिग्री मागे, हे मी प्रत्येक गाडीत ठेवतो. जानेवारीत पहाटे ट्यून केलेली गाडी मे महिन्यात दुपारी त्याच मॅपवर नॉक करते.

उंचीचाही हिशेब धरा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास. वेस्टगेटची स्प्रिंग बाहेरच्या हवेच्या वर ०.५ बार देते. म्हणजे पुण्यात मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा एकूण दाब मोजणारा) १४५ दाखवेल आणि मुंबईत किंवा चेन्नईत १५१. पुण्यात ट्यून झालेल्या गाडीच्या १५० आणि १६० च्या ओळी कुणी तपासलेल्याच नसतात. त्या हाताने भरा, वरच्या दिशेने टायमिंग कमी आणि पेट्रोल जास्त, आणि १६५ ला फ्युएल कट लावा. हा मुद्दा ट्यूनरला आवर्जून विचारा.

ज्या पेट्रोलवर ट्यून केलं तेच टाकीत राहील. १०० ऑक्टेनवर ट्यून करून साधं भरायचं असेल तर साध्यासाठी वेगळा मॅप आणि डॅशबोर्डवर स्विच हवा.

ट्यून झाल्यावर

इंजिन पूर्ण थंड झालं की मॅनिफोल्डचे नट पुन्हा कसा. ऑइल आणि फिल्टर लगेच बदला. प्लग काढून पांढऱ्या पोर्सिलेनवर भिंग धरा: काळे किंवा चमकणारे बारीक ठिपके दिसले तर ते नॉकिंगच्या खुणा आहेत, गाडी पुन्हा डायनोवर. ट्रॅकवर प्रत्येक सेशननंतर लॉग उतरवून सर्वात जास्त हवेचं तापमान आणि बूस्टमधला सर्वात जास्त लॅम्डा बघा, आणि बंद करण्याआधी गाडी दोन मिनिटं आयडलवर चालू ठेवा.