विमानाने अंटार्क्टिका गाठून पुढे जहाजाने फिरायचे असेल तर : नागपूरकरांसाठी तयारी

अंटार्क्टिकाला जाणारे बहुतेक पर्यटक अर्जेंटिनातील उशुआया बंदरात जहाजावर चढतात आणि खवळलेली ड्रेक सामुद्रधुनी ओलांडण्यात जाताना सुमारे दोन व येताना सुमारे दोन दिवस घालवतात. दुसरा मार्ग चिलीतील पुंता अरेनास येथून निघतो. तेथून विमान साधारण दोन तासांत साउथ शेटलंड द्वीपसमूहातील किंग जॉर्ज बेटावर, चिलीच्या फ्रे तळाजवळच्या खडीच्या धावपट्टीवर उतरते. जहाज शेजारच्या उपसागरात उभे असते. रजा मोजकी असणाऱ्यांना आणि ज्यांना बोट लागते त्यांना हा मार्ग सोयीचा आहे. मात्र लाटांचा त्रास वाचला तरी धुक्याचा त्रास मागे लागतो, हे ध्यानात ठेवूनच पैसे भरावेत.

ही धावपट्टी सुमारे 1300 मीटर लांब आहे. ढग खाली उतरले, धुके दाटले किंवा वारा आडवा वाहू लागला, तर विमान पुंता अरेनासहून निघतच नाही, आणि हा विलंब काही तासांचा असू शकतो तसाच एकदोन दिवसांचाही. परतताना हेच उलट्या दिशेने घडते. म्हणून कंपनीच्या करारातील हवामानासंबंधीचे कलम सर्वांत आधी आणि सावकाश वाचावे : किती दिवस थांबवले जाईल, त्या काळातील हॉटेल व जेवणाचा खर्च कोण देईल, समुद्रावरचे दिवस कमी झाले तर परतावा मिळेल का, आणि उड्डाण झालेच नाही तर किती रक्कम परत येईल. या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळत नसतील, तर माझ्या मते ती सहल सोडून दिलेली बरी, मग जहाज कितीही आलिशान असो.

नागपूरहून निघणाऱ्यासाठी हे कलम अधिक महत्त्वाचे ठरते, कारण मुंबई किंवा दिल्ली, पुढे आखाती देश किंवा युरोप, मग सँतियागो आणि तेथून आणखी सुमारे साडेतीन तासांचे पुंता अरेनासचे विमान, अशी ही लांबलचक साखळी आहे. शक्यतो ती सगळी एकाच तिकिटावर घ्यावी, म्हणजे एक विमान चुकल्यास पुढची व्यवस्था विमान कंपनीकडून होते. सहल सुरू होण्याच्या किमान दोन दिवस आधी पुंता अरेनासला पोहोचावे. वाटेत बॅग मागे राहिली, तर ती नंतर अंटार्क्टिकाला पाठवण्याची सोय नसते. परतीच्या बाजूला तीन दिवस मोकळे ठेवावेत आणि तारीख बदलता येईल असेच तिकीट घ्यावे, थोडे महाग पडले तरी.

जहाज निवडताना केबिनच्या आकारापेक्षा प्रवाशांची संख्या पाहावी. अंटार्क्टिकातील सहल कंपन्यांची आयाटो ही संघटना 1991 मध्ये स्थापन झाली. तिच्या नियमानुसार एका ठिकाणी एका वेळी 100 पेक्षा जास्त प्रवासी किनाऱ्यावर उतरू शकत नाहीत आणि 500 हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजांतून कोणालाच उतरता येत नाही. सत्तर-ऐंशी प्रवाशांचे जहाज असेल तर सगळे एकदमच उतरतात, दोनशेचे असेल तर पाळी लावावी लागते. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च असा असतो. पेंग्विनची पिल्ले पाहायची असतील तर जानेवारी, देवमासे पाहायचे असतील तर फेब्रुवारी निवडावा.

कागदपत्रांत चिलीचा व्हिसा, मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागत असल्यास तो, आणि रुग्णाला तातडीने विमानाने हलवण्याचा खर्च देणारा विमा हे मुख्य आहे. भारताने 2022 मध्ये अंटार्क्टिका कायदा केला आहे. त्यामुळे आपल्या सहलीला आंतरराष्ट्रीय अंटार्क्टिक करारात सामील असलेल्या कोणत्या देशाचा परवाना आहे, हे कंपनीला विचारून ठेवावे. ब्राझीलमार्गे जाणार असाल तर पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी, कारण प्रमाणपत्र नसल्यास परतताना भारतात विलगीकरणाची वेळ येऊ शकते. आणि हो, भारतीय संशोधन केंद्रे मैत्री व भारती ही खंडाच्या पूर्व भागात आहेत. ती या सहलीत दिसत नाहीत.

छोट्या विमानामुळे सामानाची मर्यादा बहुधा हातातील पिशवीसह 20 किलो असते. गमबूट आणि अनेकदा जाड जाकीटही कंपनी देते, त्यामुळे स्वतःचे अवजड बूट नेऊ नयेत. उन्हाळ्यात अंटार्क्टिक द्वीपकल्पावरचे तापमान शून्य अंशाच्या आसपास असते. नागपूरच्या डिसेंबरमधील पहाटेपेक्षा ते बरेच कमी आहे, शिवाय वारा अंगात शिरतो. म्हणून एका जाड स्वेटरऐवजी पातळ लोकरीचे दोन-तीन थर, वर वारा व पाणी अडवणारी पँट आणि हातमोज्यांचे दोन जोड घ्यावेत.

जैवसुरक्षेची तपासणी कडक असते. अंबाझरी किंवा सेमिनरी हिल्सवर वापरलेले मोजे, पिशव्या आणि कॅमेऱ्याचे पट्टे नीट पाहावेत. त्यात अडकलेली कुसळे आणि वेल्क्रोमधील गवताचे बी घरीच चिमट्याने काढावे, नाहीतर ते काम जहाजावर करावे लागते. संत्रा बर्फी, चिवडा, सुकामेवा नेणार असाल तर चिलीत शिरताना जाहीरनाम्यात तसे लिहावे. न सांगता नेलेल्या खाद्यपदार्थांवर तेथे जबर दंड होतो. शाकाहारी जेवणाची सूचना मात्र आरक्षणाच्या वेळीच द्यावी.

धावपट्टीपासून किनाऱ्यापर्यंत पायी चालावे लागते आणि पुढे रबरी झोडियाक बोटीत चढ-उतार करावी लागते. गुडघे दुखत असतील तर दोन महिने आधीपासून रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चढण्याचा सराव करावा. साउथ शेटलंड बेटे आणि अंटार्क्टिक द्वीपकल्प यांच्या मधल्या ब्रॅन्सफील्ड सामुद्रधुनीतही जहाज हलते, तेव्हा बोट लागण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बरोबर ठेवाव्यात.

राखून ठेवलेले दिवस वापरावे लागले नाहीत, तर पुंता अरेनासहून बसने सुमारे तीन तासांवरचे पुएर्तो नातालेस आणि पुढे तोरेस देल पाइने राष्ट्रीय उद्यान पाहता येते. तेथील हॉटेल फुकट रद्द करता येईल असेच घ्यावे.