निवाऱ्यातून मिश्र जातीचा कुत्रा दत्तक घेताना

निवाऱ्यातील कुत्र्याच्या माहितीपत्रकावर बहुधा एकदोन जातींची नावे लिहिलेली असतात, परंतु ती कान, तोंडवळा आणि रंग पाहून बांधलेल्या अंदाजावर आधारलेली असल्याने डीएनए चाचणीत अनेकदा चुकीची ठरतात. जात अचूक कळली, तरी स्वभाव कळेलच असे नाही: ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या पाहणीवर आधारित संशोधनात, वागणुकीतील फरकांपैकी केवळ ९ टक्क्यांच्या आसपास फरक जातीशी निगडित आढळला. म्हणून पत्रक बाजूला ठेवून समोरच्या जिवाला ओळखण्यासाठी वेळ द्यावा.

पिंजऱ्यातल्या वागण्यावरून मत बनवू नये. तिथे सतत भुंकणारा कुत्रा मोकळ्या जागेत शांत होऊ शकतो, तर कोपऱ्यात निमूट बसलेला कुत्रा शांत नसून भेदरलेला असू शकतो. त्याला पट्टा लावून निवांत जागी आणण्याची विनंती करावी, त्याच्यावर न वाकता बाजूला बसावे आणि त्याला आपणहून जवळ येऊ द्यावे. अचानक आवाज झाल्यावर तो दचकेलच. किती लवकर सावरतो, ते पाहण्यासारखे असते. रोज खाऊ घालणाऱ्या सेवकांना नेमके प्रश्न विचारावेत: खाताना कोणी जवळ गेले तर गुरगुरतो का, पंजे हाताळू देतो का, इतर कुत्र्यांशी कसा वागतो? शक्य असल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटावे. घरी आधीचा कुत्रा असल्यास दोघांची पहिली भेट घराबाहेर, दोघांनाही अनोळखी असलेल्या जागी घडवावी.

पिल्लू मोठेपणी केवढे होईल, हे पंजांवरून खात्रीने सांगता येत नाही. घरात जागा मोजकी असेल, तर पूर्ण वाढलेला कुत्रा निवडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

लसीकरण, जंतनाशक आणि निर्बीजीकरणाच्या नोंदी मागून घ्याव्यात. पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजाराची लागण झाल्यावर लक्षणे दिसायला दोन आठवड्यांपर्यंत अवधी लागू शकतो, त्यामुळे निवाऱ्यात ठणठणीत दिसलेले पिल्लूही घरी आल्यावर आजारी पडू शकते. उलट्या, रक्ताचे जुलाब किंवा अन्न नाकारणे दिसताच त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

सुरुवातीच्या दिवसांत त्याला एक शांत कोपरा, निवाऱ्यातलेच अन्न आणि ठरलेल्या वेळा द्याव्यात. अन्न बदलायचे असेल, तर आठवडाभरात हळूहळू बदलावे. पाहुणे आणि आंघोळ लांबणीवर टाकलेली बरी. घाबरलेला कुत्रा उघड्या दारातून निसटण्याचा धोका याच काळात सर्वाधिक असतो, म्हणून दार उघडण्यापूर्वी पट्टा लावावा आणि गळपट्ट्यावर आपला दूरध्वनी क्रमांक पहिल्याच दिवशी असावा. तो गुरगुरला, तर शिक्षा करू नये, कारण गुरगुरणे ही त्याने दिलेली पूर्वसूचना असते आणि ती दडपली, तर पुढच्या वेळी तो सूचना न देताच चावण्याची शक्यता वाढते. अशा वेळी मागे सरावे, कशामुळे तो अस्वस्थ झाला ते टिपून ठेवावे आणि पुन्हा तसेच घडल्यास निवाऱ्यातील जाणकारांना लगेच कळवावे.