‘न्यायिकेतर’ म्हणजे बेकायदा नव्हे : या चुका टाळा

पुण्यात शिवाजीनगर कोर्टाबाहेर एका काकांनी मला ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर दाखवला. त्यावर मुलगा-सुनेची काडीमोडाची सही, खाली नोटरीचा शिक्का. “वकीलसाहेब, कोर्टाबाहेर मिटवलं. वर छापलंयच की, ‘गैर न्यायिक’!”

ते छापील शब्द मुद्रांकाचा प्रकार सांगतात : हा कागद करारांच्या मुद्रांक शुल्कासाठी, कोर्ट फीसाठी नाही. घटस्फोटाशी त्याचा संबंध शून्य. हिंदू विवाह कायद्यात दोघं राजी असली तरी कलम १३-ब खाली अर्ज करून न्यायालयाचा हुकूमनामा घ्यावा लागतो. त्याआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. समाजात काडीमोडाची रूढी असेल तर अपवाद, पण ती पुराव्याने सिद्ध करायची. तोवर सून ही सूनच, आणि मुलाने दुसरं लग्न केलं तर गुन्हा. काकांचा पुढचा प्रश्न : “मग हे ५०० परत मिळतील?”

आता मूळ शब्द. न्यायिक अधिक इतर, म्हणून ‘न्यायिकेतर’. ‘न्यायिकेत्तर’ नव्हे, तो जादा ‘त’ मी अर्जांतून किती वेळा खोडलाय! अर्थ एवढाच, की न्यायालयाच्या कामकाजाबाहेर घडलेलं. ते कायदेशीर की नाही, हे शब्द सांगत नाही. सरफेसी या थकीत कर्जाच्या वसुलीच्या कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देऊन, दावा न लावता तारण घराचा ताबा घेऊ शकते. ‘कोर्टाची ऑर्डर कुठाय?’ असं दारात भांडण्यापेक्षा ४५ दिवसांत ऋण वसुली न्यायाधिकरणात जावं. पुण्यात ते आहे. जात पंचायतीने वाळीत टाकणंही कोर्टाबाहेरचंच, पण २०१६च्या राज्य कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

‘न्यायिकेतर हत्या’ म्हटलं की मात्र त्यात आरोप येतो, की पोलिसांनी खटल्याविना जीव घेतला. चौकशी अजून बाकी असेल तर ‘चकमकीत मृत्यू’ लिहा.

सर्वात जास्त घोळ कबुलीचा. टपरीवर मित्राला ‘माझ्या हातून झालं’ म्हणणं ही न्यायिकेतर कबुली. ती पुराव्यात चालते, पण कच्चा पुरावा म्हणून. जोडीला सहसा दुसरं काही लागतं. पोलिसांना दिलेली कबुली भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम २३मुळे आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. तिच्यातून एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग चालतो. दंडाधिकाऱ्यासमोर रीतसर नोंदवलेली कबुली ती न्यायिक. तेव्हा ‘आरोपीने पोलिसांपुढे गुन्हा कबूल केला’ ही बातमी वाचून खटला संपला असं धरू नका.