सीमाभागात नव्याने आलेल्यांसाठी: मोटरसायकल शिकणं, लायसन काढणं आणि एमएच गाडीचं काय करायचं

चंदगड, गडहिंग्लज, कोकण किंवा त्याही पलीकडून नोकरीसाठी, नाहीतर कॉलेजसाठी बेळगाव, खानापूर, निपाणी भागात येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा गाडीचाच असतो. उद्यमबाग किंवा मच्छेत पाळी लागली की सकाळच्या बसवर भरवसा ठेवून चालत नाही, आणि खोली अनगोळ-वडगावला घेतली तर दोन बसगाड्या बदलाव्या लागतात. म्हणून लोक घाईने गाडी घेतात, चार दिवसांत चालवायला शिकतात आणि लायसनचं नंतर बघू म्हणतात. आमचा आग्रह उलट्या क्रमाचा आहे. आधी कागद, मग गाडी हातात.

सगळ्यात आधी ठरवायचं ते हे, की लायसन कुठल्या राज्यातून काढणार. तुमच्या आधारवर गावाकडचा पत्ता असेल तर ऑनलाइन अर्जात तोच पत्ता आपोआप येतो आणि तो तिथे बदलता येत नाही. अशा वेळी दोन वाटा आहेत. इथे वर्षानुवर्षं राहायचं असेल तर आधी आधारवर इथला पत्ता करून घ्या आणि मग कर्नाटकातून अर्ज करा. तीन-चार वर्षांच्या शिक्षणापुरते आला असाल तर सरळ गावाकडच्या आरटीओतून काढा. मोटार वाहन कायद्याप्रमाणे लर्निंग लायसन आणि पक्कं लायसन दोन्ही देशभर चालतात. म्हणजे कोल्हापूरचं लर्निंग घेऊन बेळगावात सराव केलेला चालतो. टेस्टपुरतं गावी जावं लागेल एवढंच. फक्त लर्निंग एका राज्याचं आणि पक्कं दुसऱ्या राज्यातून, अशी सरमिसळ करू नका, त्यात महिने जातात. आणि गावाकडचं पक्कं लायसन आधीच असेल तर इथे नवीन काढायचंच नाही. एका माणसाला दोन लायसन्स ठेवता येत नाहीत. पत्ता बदलायचा अर्ज वेगळा असतो, तो करा.

इथून काढणाऱ्यांनी नंबरांची ओळख करून घ्यावी. केए-२२ म्हणजे बेळगाव, खानापूरही त्यातच येतं. केए-२३ चिक्कोडी, निपाणीकरांचं काम तिथे होतं. केए-२४ बैलहोंगल, केए-४९ गोकाक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही आरटीओत अर्ज करता येतो, तरी टेस्टला गाडी घेऊन जायचं असतं, त्यामुळे जवळचंच निवडा.

अर्ज 'सारथी' पोर्टलवर भरायचा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, ओटीपी त्यावरच येतो. इथे अडणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नावाचं स्पेलिंग. 'गावडे'मध्ये एका कागदावर व्ही, दुसऱ्यावर डब्ल्यू. दहावीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मध्ये, आधारवर नाहीच. कन्नड दाखल्यावरून इंग्रजीत उतरवताना 'ळ'चं भलतंच काही झालेलं. लायसन, आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) आणि विमा या तिन्हींवर नाव एकसारखं नसेल तर अपघाताच्या दाव्याच्या वेळी त्रास होतो. म्हणून आधी आधार दुरुस्त करा, दोन आठवडे उशीर झाला तरी चालेल.

वाहनाचा प्रकार निवडताना 'गिअरसह मोटरसायकल' हाच निवडा. त्या लायसनवर स्कूटरही चालवता येते. पण बिनगिअरचं घेतलंत तर मोटरसायकल चालवता येत नाही आणि सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो. वय १८ पूर्ण हवं. वयाच्या १६ व्या वर्षी मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, पालकांच्या संमतीने. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी सापडली तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लर्निंग मिळत नाही. अकरावीच्या मुलाला ट्यूशनला जायला गाडी देणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

केंद्राच्या नियमाप्रमाणे लर्निंगला एका प्रकारासाठी १५० रुपये आणि परीक्षेचे ५०, पक्क्याला टेस्टचे ३०० आणि लायसनचे २००. राज्याचे कार्डाचे वगैरे पैसे वर लागतात. तब्येतीचं स्वतःचं घोषणापत्र फॉर्म १ वर द्यायचं. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरचं प्रमाणपत्र, फॉर्म १-अ, लागतं. एजंटाला याच्या कितीतरी पट देण्याचं काही कारण नाही. फार तर सायबर कॅफेत अर्ज भरून घ्या.

लर्निंगची परीक्षा चिन्हांची आणि नियमांची असते, ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात. चिन्हं देशभर सारखीच, त्यामुळे भाषेची भीती बाळगू नका. रस्त्यावरच्या पाट्यांसाठी मात्र थोडं कन्नड कानावर आणि डोळ्यांखाली असू द्या. 'निधानवागि चलिसि' म्हणजे सावकाश चालवा, 'रस्ते उब्बु' म्हणजे पुढे गतिरोधक, 'तिरुवु' म्हणजे वळण, 'एकमुख संचार' म्हणजे एकेरी मार्ग, 'अपघात वलय' तर वाचताच कळतं. पोलिसाने 'गाडी निल्लिसि' म्हटलं की थांबायचं, 'लायसन्स तोरिसि' म्हटलं की दाखवायचं. डिजिलॉकर किंवा एमपरिवाहनमधले कागद चालतात, छापील प्रतीची गरज नाही.

लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्याची टेस्ट तीस दिवसांनंतर देता येते. गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावा: पाटी १८ बाय १८ सेंटिमीटर, अक्षर १० सेंटिमीटर उंच. लर्निंगवर मागे कोणालाही बसवायचं नाही, अपवाद फक्त शिकवणाऱ्याचा, आणि त्याच्याकडे पक्कं लायसन हवं. मित्राला डबल सीट कॉलेजला सोडणं हा सराव नव्हे.

आता गाडी. शिकायला १०० ते १२५ सीसीची, हलकी, सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकणारी घ्या. कोणाची गाडी मागून आणली असेल तर गिअर कसे पडतात ते आधी विचारा. स्प्लेंडरसारख्या चार गिअरच्या गाड्यांत न्यूट्रलनंतर सगळे गिअर पुढे दाबून पडतात. दीडशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर. एका पद्धतीवर शिकलेला माणूस दुसऱ्या गाडीवर बसला की गिअर कमी करायला जातो आणि वाढवून बसतो, तेही नेमका चढावर.

बसण्याआधी दोन मिनिटं द्या. क्लचच्या लिव्हरला टोकाशी १० ते २० मिलिमीटर ढील हवी. ती नसेल तर क्लच कायम घसरतो आणि जळतो, जास्त असेल तर गिअर खरडतात. चेन मधोमध बोटाने वर-खाली केली की २५-३० मिलिमीटर हलावी. हवा चेनकव्हरवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. गाडी चालू होत नसेल तर मेकॅनिककडे धावण्याआधी लाल किल स्विच (इंजिन बंद करायचं हँडलवरचं बटण), न्यूट्रलचा दिवा आणि साइड स्टँड बघा. नव्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडतं.

सरावाला वस्तीबाहेरचे नवे लेआउट उत्तम: रस्ते झालेले, घरं अजून उठलेली नाहीत. लष्कराच्या हद्दीतल्या मैदानांत शिरू नका. पहिल्यांदा इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत न्या, ब्रेक दाबून थांबवा, वजनाचा अंदाज घ्या. मग पहिला गिअर, ॲक्सिलेटर न देता, क्लच अगदी हळू सोडा. गाडी जिथे स्वतःहून पुढे सरकायला लागते ती जागा बोटांना कळली पाहिजे. तिथेच क्लच धरून ठेवणं म्हणजे हाफ क्लच, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. नवशिक्याची गाडी बंद पडते ती क्लच झटक्यात सोडल्यामुळे. उडी मारते ती घाबरून ॲक्सिलेटर पिळल्यामुळे. हे सुटेपर्यंत दुसरा गिअर टाकायचा नाही. नंतर १५च्या आसपास दुसरा, २५-३०ला तिसरा, ४०च्या पुढे चौथा. वळणावर गिअर आधी कमी करायचा, वळणात नाही.

ब्रेकबद्दल चुकीचं फार सांगितलं जातं. 'पुढचा ब्रेक दाबू नको, पडशील' हे ऐकू नका. थांबवण्याची बरीचशी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते, कारण ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढवत दाबायचे. पडतात ते हँडल वळलेलं असताना किंवा खडीवर पुढचा ब्रेक एकदम आवळणारे. एप्रिल २०१९ नंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांत मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, आणि १२५च्या वरच्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असतो. आपल्या गाडीत काय आहे ते माहीत असू द्या.

टेस्टला आठचा आकडा काढायचा असतो. पहिला गिअर, हाफ क्लच, ॲक्सिलेटर एकसारखा, वेग मागच्या ब्रेकने आवरायचा. नजर पुढच्या चाकाकडे गेली की पाय टेकलाच म्हणून समजा. आठच्या पुढच्या वळणाकडे बघत राहिलं की हँडल आपोआप तिकडे जातं. हेल्मेट, इंडिकेटर, आरसे, हाताच्या खुणा हेही बघितलं जातं. गाडीची आरसी, विमा, पीयूसी सोबत न्या आणि विम्याची तारीख घरीच तपासा. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते, तीनदा हुकली तर साठ दिवस थांबावं लागतं. लर्निंगच्या सहाव्या महिन्यात तारीख घेणारे इथेच अडकतात.

आठ जमला म्हणजे इथले रस्ते जमले असं नाही. टिळकवाडीच्या रेल्वे गेटांवर रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडा, पावसात तर नक्कीच; तिरकस गेलात की चाक रुळावर घसरतं. खानापूर-जांबोटी भागात पाऊस दणकून पडतो आणि शेतातून येणाऱ्या ट्रॅक्टरमागे लाल चिखल डांबरावर पसरतो, त्यावर ब्रेक लागत नाही, वेग आधीच उतरवावा लागतो. चोर्ला किंवा तवंदीचा घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ड्रम तापतो आणि ऐन वळणावर ब्रेक मऊ पडतो.

आणि उसाचा हंगाम. साधारण नोव्हेंबरपासून निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर पट्ट्यात एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, बऱ्याच ठिकाणी मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या वाड्याने झाकलेला. अंधारात तो उभा असला तर शेवटच्या क्षणी दिसतो. रात्री हेडलाइटच्या उजेडात थांबता येईल एवढाच वेग ठेवा. ओव्हरटेक करताना लक्षात घ्या की तुम्हाला तीन वाहनांची लांबी पार करायची आहे, आणि मागची ट्रॉली हेलकावे खाते. समोरचा रस्ता सरळ आणि मोकळा दिसत नसेल तर मागे राहा. सुगीत रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनवरूनही गाडी घसरते, बाजूने जा.

हेल्मेट आयएसआयचं, पट्टा लावलेलं, मागे बसणाऱ्यालाही. कर्नाटकात मागच्यालाही सक्ती आहे. हिंडलगा-सुळगामार्गे शिनोळीला रोज कामाला जाणाऱ्यांनी बाचीपर्यंत एक नियम आणि पुढे दुसरा, असं समजू नये. कायदा तोच आहे.

शेवटी एमएच नंबरच्या गाडीचं. दुसऱ्या राज्यातली गाडी सलग बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. मूळ आरटीओतून फॉर्म २८ वर एनओसी (ना हरकत दाखला), त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिलचा ठसा, कर्ज असेल तर बँकेचंही पत्र. मग इथे फॉर्म २७ आणि कर्नाटकचा कर. उरलेल्या वर्षांचा कर महाराष्ट्रातून परत मागता येतो, पण नवा नंबर पडल्यावरच. तोवर गाडी कधी आणली याचा पुरावा जवळ ठेवा: नोकरीचं रुजू पत्र, भाडेकरार, काहीही तारखेचं. गाडी दहा वर्षांची झाली असेल तर आमच्या मते हा खर्च परवडत नाही. ती गावीच विकून इथे केए-२२ची जुनी गाडी घ्या, आणि आरसी नावावर झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.