डायनोसॉरच्या नावाची पाटी लिहिण्याआधी

रैयोलीची (गुजरातेतलं, डायनोसॉरची हाडं सापडलेलं गाव) सहल करून आलं की पुढच्या विज्ञान प्रदर्शनात थर्मोकोलचा डायनोसॉर ठरलेलाच. डायनोसॉर बरा जमतो, चुकते ती त्याच्या पायाशी लावलेली पाटी. तिच्यावर कुठून तरी उचललेलं नाव येतं आणि ते कधी कधी केव्हाच मोडीत निघालेलं असतं. नाव तपासायचं कसं, ते भारतात सर्वांत आधी बारसं झालेल्या डायनोसॉरवरून पाहू: टायटॅनोसॉरस इंडिकस लायडेकर, 1877.

आधी तुकडे पाडा. पहिला शब्द प्रजातीचा (जीनस), म्हणजे आडनावासारखा. दुसरा जातीचा (स्पीशीज). मग नाव देणाऱ्याचं आडनाव आणि ज्या साली ते छापून आलं ते साल. हाड सापडल्याचं साल इथे कधीच येत नाही. या प्राण्याचे शेपटीचे मणके जबलपूरला 1828 साली स्लीमनला मिळाले (ठगांचा बंदोबस्त करणारा, तोच हा स्लीमन), पण नाव मिळायला 1877 उजाडलं. पाटीवर 'शोध : 1877' असं लिहिलं की जवळजवळ पन्नास वर्षं गडप झाली.

साल जातीच्या नावाचं असतं, प्रजातीच्या नव्हे, आणि नेमकं इथेच बरेच जण घसरतात. मेगॅलोसॉरस हे नाव बकलंडने 1824 मध्ये दिलं, पण जातीचं नाव दिलंच नाही. ते मँटेलने 1827 मध्ये जोडलं. म्हणून पूर्ण नाव 'मेगॅलोसॉरस बकलंडाय मँटेल, 1827' असं लिहितात.

कंसही शोभेला नसतो. जात नंतर दुसऱ्या प्रजातीत हलवली, तरच मूळ नाव देणाऱ्याचं नाव आणि साल कंसात जातं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या सांगाड्याला जैन आणि बंदोपाध्याय यांनी 1997 मध्ये टायटॅनोसॉरस कोल्बर्टाय म्हटलं. 2003 मध्ये त्याच्यासाठी इसिसॉरस ही नवी प्रजाती केली गेली. म्हणून आता 'इसिसॉरस कोल्बर्टाय (जैन आणि बंदोपाध्याय, 1997)'. यातलं 'इसि' म्हणजे कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची आद्याक्षरं. डायनोसॉरच्या नावात संख्याशास्त्राची संस्था कशी, असं कुणीतरी विचारणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

नावाचा अर्थ लावताना आधी शेपूट पाहावं. शेवटी 'एन्सिस' असेल तर ते ठिकाणाचं नाव: राजासॉरस नर्मदेन्सिस, म्हणजे नर्मदेकाठचा. लॅटिनमध्ये शेवटी एक 'आय' (i) असेल तर एका पुरुषाच्या सन्मानार्थ, 'एई' (ae) असेल तर स्त्रीच्या. इंग्लंडमधल्या लाइम रीजिसच्या कड्यांतून इक्थिओसॉर (समुद्रातले सरपटणारे प्राणी) काढून देणाऱ्या मेरी ॲनिंगच्या नावाने इक्थिओसॉरस ॲनिंगे ही जात झाली ती थेट 2015 मध्ये. जातीचं नाव विशेषण असेल तर ते प्रजातीच्या लिंगाप्रमाणे बदलतं. 'थेरियम' नपुंसकलिंगी, म्हणून शिवाथेरियम जायगँटियम (जिराफाचा नामशेष नातलग). 'सॉरस' पुल्लिंगी, त्याच्याबरोबर हेच विशेषण 'जायगँटियस' होतं. स्वतः नाव जुळवून पाहणाऱ्यांची चूक हमखास इथे होते.

पण अर्थावर फार भिस्त ठेवू नका. अर्थ चुकला म्हणून नाव रद्द होत नाही. वडोदऱ्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा आहे, त्याच्या एका फार जुन्या नातलगाचं नाव बॅसिलोसॉरस, म्हणजे 'सरड्यांचा राजा'. हार्लनने 1834 मध्ये तो सरपटणारा प्राणी समजून हे नाव ठेवलं. ब्रिटिश शास्त्रज्ञ ओवेनने दात तपासून तो सस्तन असल्याचं दाखवलं आणि झ्यूग्लोडॉन हे जास्त शहाणं नाव सुचवलं. तरी पहिलंच टिकलं, कारण आधी छापलेल्या नावाचा मान पहिला. हा नियम 1842 मध्ये स्ट्रिकलंडच्या समितीने लेखी मांडला, डार्विनही त्या समितीत होता. डायनोसॉरिया हा ओवेनचा शब्दही त्याच वर्षी छापून आला. आज प्राण्यांच्या नावांची मोजणी 1758 पासून सुरू होते, त्याआधीची नावं धरत नाहीत.

आता खरी तपासणी: नाव चालू आहे का? ते तीन वाटांनी जातं, आणि कुठल्या वाटेने गेलं ते कळल्याशिवाय पाटीला हात लावू नये.

एक, नाव आधीच दुसऱ्या प्राण्याला दिलेलं असतं. कोपने 1866 मध्ये एका मांसाहारी डायनोसॉरला लीलॅप्स म्हटलं, पण ते नाव एका माइटच्या (कोळ्याच्या नात्यातला बारीक जीव) वाट्याला कधीच गेलेलं होतं. 1877 मध्ये मार्शने त्याचं ड्रिप्टोसॉरस केलं. मार्श हा कोपचा हाडवैरी, त्यामुळे त्याने ते आनंदानेच केलं असणार. इथे वादाला जागा नाही, दोन प्राण्यांना एकच प्रजातीनाम चालत नाही.

दोन, एकाच प्राण्याला दोन नावं पडलेली असतात. मार्शचाच ॲपॅटोसॉरस 1877 चा आणि ब्रॉन्टोसॉरस 1879 चा. रिग्जने 1903 मध्ये दोन्ही एकच ठरवले आणि ब्रॉन्टोसॉरस गेला. पण हे मत असतं, निकाल नव्हे. 2015 च्या एका अभ्यासाने दोघांना पुन्हा वेगळं केलं. अशा नावापुढे 'काहींच्या मते' एवढं जोडलं तरी पाटी खरी राहते.

तीन, आणि टायटॅनोसॉरस याच वाटेने गेला. नाव एका ठरावीक हाडाला बांधलेलं असतं, त्याला टाइप नमुना म्हणतात. त्या हाडावरून प्राणी इतरांपासून वेगळा ओळखता आला पाहिजे. लायडेकरकडे शेपटीचे मणके होते, पुढून खोलगट आणि मागून गोळ्यासारखे फुगीर. 1877 मध्ये ही ठेवण निराळी वाटली. पुढे तसेच मणके त्या गटातल्या कितीतरी प्राण्यांत निघाले आणि वेगळेपण संपलं. 2003 मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी हे नाव संशयास्पद ठरवलं. कोल्बर्टायला नवी प्रजाती लागली ती म्हणूनच. म्हणजे पाटीवर 'टायटॅनोसॉरस' लिहायचं तर ते 1877 मध्ये नाव मिळालेल्या जबलपूरच्या हाडांपुरतं. रैयोलीच्या प्रत्येक लांबमान्या हाडाला ते चिकटवू नये, तिथे 'टायटॅनोसॉर गट' पुरे.

इग्वॅनोडॉनचीही हीच अडचण होती. 1825 चं नाव दातांवरून दिलेलं, आणि दात पुरेसे बोलत नव्हते. त्यावर तोड अशी निघाली की नावांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 2000 मध्ये ते नाव बेल्जियमच्या बर्निसार खाणीत 1878 मध्ये सापडलेल्या सांगाड्यांच्या जातीला बांधून दिलं. नाव वाचलं, त्याचं हाड बदललं.

पाटीचा क्रम असा ठेवा. वर रोमन लिपीत तिरप्या अक्षरांत नाव: प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं सगळं लहान. हाताने लिहिताय तर तिरपं करण्याऐवजी खाली रेघ ओढा. देणाऱ्याचं नाव आणि साल सरळ अक्षरांत. त्याखाली देवनागरी उच्चार, मग शरीराचा भाग, ठिकाण, खडकाचा थर आणि काळ. राजासॉरससाठी: रैयोली, लमेटा थर, क्रिटेशस काळाचा शेवट. खडकाचा थर सगळेच विसरतात, आणि तो नसेल तर काळ कशावरून सांगितला, हे वाचणाऱ्याला कळत नाही. म्हणूनच रैयोलीतून तुकडा खिशात घालून आणू नये. थरातून सुटलेल्या हाडाची अर्धी माहिती तिथेच राहते.

राजासॉरसचा पूर्ण सांगाडा मिळालेला नाही, म्हणून लांबीच्या आकड्याआधी 'अंदाजे' हवंच. अंदाज 6.6 मीटर धरला तर एकास दहा प्रमाणात पुतळा 66 सेंटिमीटरचा होतो. शेवटच्या ओळीत लिहा: प्रतिकृती, प्रमाण 1:10, रंग कल्पनेतला.