अमेरिकेत नवीन आलात? इथलं सरकार आधी समजून घ्या

दरवर्षी मंडळाच्या गणपतीत नवीन जोडपी भेटतात आणि प्रश्न ठरलेले, क्रेडिट कार्ड कुठलं घेऊ, जाडे पोहे कुठे मिळतात. सरकार कसं चालतं हे कुणी विचारत नाही. मीही आले तेव्हा विचारलं नव्हतं आणि ते मला फार महागात पडलं, म्हणून लिहितेय.

व्हिसा, ग्रीन कार्ड वॉशिंग्टनकडे, म्हणजे केंद्र सरकारकडे. लायसन्स, गाडीच्या इन्शुरन्सचे नियम राज्याकडे, म्हणून राज्य बदललं की लायसन्सही बदलावं लागतं. शाळा, कचरा, रस्त्यावरचा बर्फ हे बहुतेक गावाचं नाहीतर काउंटीचं (आपल्या जिल्ह्यासारखं). गव्हर्नर राष्ट्राध्यक्षाच्या हाताखाली नसतो, त्याला वरून कुणी बदलू शकत नाही.

आपल्याला सवय पंतप्रधानांची, लोकसभेत बहुमत त्यांच्या बाजूनं असतंच. इथे राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि काँग्रेस दुसऱ्या पक्षाच्या हातात असं सर्रास होतं (काँग्रेस म्हणजे इथली संसद, हाउस आणि सिनेट ही तिची दोन सभागृहं, आईबाबांना फोनवर हे आधी सांगा). नोकरीवरच्या ग्रीन कार्डात एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा आहे ती काँग्रेसच्या कायद्यातली, राष्ट्राध्यक्षाच्या एका सहीनं ती जात नाही. जुलै 2019 मध्ये ती काढायचं बिल हाउसमध्ये 365 विरुद्ध 65 नं पास झालं, त्या रात्री आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो, एका मित्रानं तर घरं बघायला सुरुवात केली. मग डिसेंबर 2020 मध्ये सिनेटनंही पास केलं, पण मजकूर वेगळा, आणि दोन्हीकडे अगदी तोच मजकूर पास झाल्याशिवाय बिल सहीला जातच नाही. जानेवारी 2021 मध्ये त्या काँग्रेसची मुदत संपली, बिलही तिथेच संपलं. त्यामुळे 'बिल पास झालं' असा फॉरवर्ड आला की आधी विचारा, कुठल्या सभागृहात? आपली माणसं एवढी शिकलेली, पण हे विचारत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लायसन्सच्या ऑफिसात मतदार नोंदणी करायची का असं विचारतात, 1993 च्या कायद्यामुळे बहुतेक राज्यांत हे आहे. नागरिक नसाल तर नाही म्हणा. ग्रीन कार्ड असलं तरी नाहीच म्हणा. मी हो म्हटलं होतं. काउंटरवरची बाई भराभर विचारत होती, पत्ता हाच का, हो, अवयवदान करणार का, हो, मतदार नोंदणी, हो. सहीच्या वरच 'मी अमेरिकन नागरिक आहे' अशी ओळ होती, ती मी वाचलीच नाही. काही दिवसांनी मतदार कार्ड पोस्टानं आलं आणि मी ते फाइलमध्ये नीट लावून ठेवलं. मत कधीच दिलं नाही. पण नागरिकत्वाच्या फॉर्मवर विचारतात, कधी नोंदणी केली होती का, तिथे खरं लिहिलं आणि मग वकील, नोंदणी रद्द केल्याचं पत्र, दुसरा इंटरव्ह्यू, दोन वर्षं त्यात गेली. मत दिलं असतं तर देश सोडायची वेळ येऊ शकली असती. नवराबायको दोघांनीही सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा, मागे कितीही रांग असू दे.

देणगीचंही तसंच. एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) असताना कुठल्याही उमेदवाराला वीस डॉलरसुद्धा देऊ नका, ग्रीन कार्ड झाल्यावर चालतं.

मत नसलं तरी बोलता येतं. स्कूल बोर्डाच्या मीटिंगला जा, आमच्याकडे तीन मिनिटं मिळतात. आपले लोक शनिवारची अख्खी रात्र महाराष्ट्रात कुणाचं सरकार येणार यावर घालवतात आणि मुलांच्या शाळेचं बजेट कोण ठरवतं ते ठाऊक नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इमिग्रेशनची केस अडकली तर आपल्या भागातल्या काँग्रेस सदस्याच्या ऑफिसला कळवा. माझ्या भाचीचं वर्क परमिट सात महिने अडकलं होतं, तिनं त्यांच्या वेबसाइटवरचा प्रायव्हसी रिलीज फॉर्म (आपल्या केसची माहिती त्यांना बघू द्यायची परवानगी) भरला, अर्जाचा रिसीट नंबर दिला. नागरिक आहेस का असं कुणी विचारलं नाही, फक्त झिप कोड विचारला.