स्लो कुकरमधलं सूप फाटू नये म्हणून

बेळगावात पाऊस लागला की आमच्याकडं रात्री गरम सूप लागतंच, पण स्लो कुकरमध्ये दूध सकाळीच घातलं की फाटालं, वर पांढऱ्या कण्या आणि खाली नुसतं पाणी, कारण टोमॅटोचा आंबटपणा आणि तासन् तासाची उष्णता दुधाला सोसत नाही. आता टोमॅटो बंद. गाजर-बटाटा बारीक चिरून तळाला, कारण तेच उशिरा शिजतंय, वर फ्लॉवर, मटार, कांदा, भाज्या जेमतेम बुडतील इतकंच पाणी, लो वर 7-8 तास, आणि मधे झाकण उघडायचं नाही बघा. मग बटाटे रवीनं घोटायचे, दाटपणा त्यातनंच येतो, आणि शेवटच्या 20 मिनिटांत फेटलेली साय, आधी तिच्यात थोडं गरम सूप मिसळून मगच ओतायची. मिरपूड मात्र ताजी कुटलेलीच हवी.